अंगठा आधी, चाल नंतर : कंट्री ढंगाचं निवांत गिटारवादन बसवण्याची रीत

एकाच गिटारवर बेस, ठेका आणि चाल अशी तीन कामं चालू असतात आणि तरीही सगळं आरामखुर्चीत बसल्यासारखं ऐकू येतं. ते कंट्री (अमेरिकन ग्रामीण वळणाचं) वादन शिकताना बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. टॅब (तारा आणि फ्रेटच्या आकड्यांत लिहिलेली चाल) उघडतात, चालीचे सूर शोधतात आणि मग त्यांच्याखाली अंगठा कोंबायला जातात. आठवड्याभरात चाल हाताला येते, पण प्रत्येक सुरापाशी अंगठा थबकतो. तिथून पुढे कितीही रियाज केला तरी ती अडखळ जात नाही, कारण ती हातात मुरलेली असते.

म्हणून इथे क्रम उलटा आहे. अमेरिकेतल्या केंटकीच्या मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत अंगठा बेसच्या तारांवर आळीपाळीने फिरत राहतो आणि बोटं वरच्या सुरांच्या, म्हणजे पातळ तारांवर चाल वाजवतात. ट्रॅव्हिस मुख्यतः अंगठा आणि तर्जनीवरच काम भागवायचा. दुसरा नामवंत कंट्री गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स आणखी बोटं वापरायचा, आणि त्याची मऊ, आवरलेली धाटणी निवांत वादनाला जास्त मानवते. इथे तीच धरली आहे. सी, जी, एफ, ए मायनर या कॉर्ड आणि एकीवरून दुसरीवर जाणं जमतं, एवढं गृहीत आहे.

१. आधी वाद्य ठाकठीक करा

तारा : स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार आणि ०.०१२ ते ०.०५३ इंचांचा ‘लाइट’ सेट घ्या. बोटं दुखत असतील तर ०.०११ चा चालेल. त्याहून पातळ तारा मात्र अंगठ्याच्या फटक्याने थरथरतात आणि बेस फुसका होतो.

तारांची उंची : बाराव्या फ्रेटवर सहाव्या (सगळ्यात जाड) तारेखाली साधारण २.३ ते २.५ मिलिमीटर आणि पहिल्या (सगळ्यात पातळ) तारेखाली १.७ ते १.९ मिलिमीटर अंतर असावं. याहून कमी ठेवलं तर थंब पिकने (अंगठ्यात घालायच्या पिकने) वाजवलेला बेस फ्रेटवर खरखरतो.

तपासा : कोणतीही तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा. तार आणि फ्रेट यांच्यात जेमतेम कागद जाईल एवढी फट हवी. मोठी फट असेल तर नटच्या (गळ्याच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उंच आहेत. अशा गिटारवर एफ धरताना होणारे हाल हे तुमच्या बोटांचं अपयश नव्हे. खाचा दुरुस्तीवाल्याकडून उतरवून घ्या, घरी कानस लावू नका. खाच जास्त खोल गेली तर नटच बदलावा लागतो.

कोकणात पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, वरची फळी फुगते आणि तारा उंच होतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलट होतं : लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाजूने बोचू लागतात. गिटार केसमध्ये ठेवा आणि आतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखा. वर्षातून एकदाच उंची मोजली असेल तर ती कोणत्या महिन्यात मोजली होती, तेही आठवा.

थंब पिक : हे अंगठ्यात अंगठीसारखं घालायचं प्लास्टिकचं पिक. ते नखाच्या मुळाशी, सांध्याच्या पुढे बसतं. नव्या पिकचं पातं बहुधा गरजेपेक्षा लांब असतं. ते तारेत खोल घुसतं आणि अडकतं. अंगठ्याच्या कडेबाहेर ५-६ मिलिमीटर राहील इतकं घासून कमी करा आणि टोक गोल करा. सैल किंवा घट्ट होत असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ धरून मऊ करा, अंगठ्यावर बेतून घ्या आणि लगेच गार पाण्यात बुडवा.

सावधान : पिक मऊ करायला लायटर किंवा मेणबत्ती वापरू नका. सेल्युलॉइडचं पिक भसकन पेट घेतं.

नखं : तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांची नखं बोटाबाहेर एक-दीड मिलिमीटर पुरेत. नखं ठेवणं शक्य नसेल तर नुसत्या बोटांनी वाजवा. आवाज थोडा लहान येईल, पण या वादनाला तो शोभतोच.

२. तळव्याची जागा शोधा

निवांतपणा हळू वाजवल्याने येत नाही. तो बेसच्या तारा अर्धवट दाबून ठेवल्याने येतो. उजव्या तळव्याची करंगळीकडची कड सॅडलवर (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीवर) अशी टेकवा की चौथी, पाचवी आणि सहावी तार तिच्याखाली येईल आणि पहिल्या तीन तारा मोकळ्या राहतील.

आता सहावी तार वाजवा आणि तळवा एकेक मिलिमीटर पुढे-मागे सरकवत ऐका. तळवा फार पुढे, म्हणजे साउंडहोलकडे गेला तर ‘ठप्’ होतं आणि सूर कळतच नाही. फार मागे गेला तर तार घुमत राहते आणि चालीवर चढते. मधे एक जागा अशी येते की ‘ठुम्’ असा गोल आवाज होतो, सूर स्पष्ट कळतो आणि पुढच्या ठोक्याआधी विरतो. ती जागा हाताने लक्षात ठेवा. पहिले काही दिवस गिटार हातात घेतली की आधी फक्त हीच जागा शोधायची.

तपासा : सहावी तार आणि पहिली तार एकदम वाजवा. सहावी विरल्यावरही पहिली वाजत राहिली पाहिजे. दोन्ही एकदम मेल्या तर तळवा आडवा पसरला आहे. मनगट किंचित उचला.

बरेच जण करंगळी गिटारच्या फळीवर रोवून बसतात. हलकी टेकवली तर हरकत नाही. तिच्यावर भार दिला की तळवा सॅडलवरून उठतो आणि वरची सगळी मेहनत वाया जाते.

३. फक्त अंगठा

पहिला आठवडा बोटांना सुट्टी. मेट्रोनोम (ठराविक वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि दर ठोक्याला अंगठ्याने एक तार वाजवा. चार मात्रांचा एक बार. तारांचा क्रम असा :

सी : ५-४-६-४ (सहाव्या तारेसाठी अनामिका पाचव्या तारेवरून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची आणि पुढच्या बारला परत आणायची)
ए आणि ए मायनर : ५-४-६-४
जी, जी सेव्हन, ई आणि ई मायनर : ६-४-५-४
डी आणि डी सेव्हन : ४-३-५-३
एफ : ६-४-५-४ (सहाव्या तारेचा पहिला फ्रेट डाव्या अंगठ्याने गळ्यावरून वाकून दाबायचा, किंवा तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून पूर्ण बार कॉर्ड धरायची)

एफ अजून जमत नसेल तर चार तारांची छोटी एफ धरा आणि ४-३-४-३ वाजवा. सीमध्ये अनामिकेची ये-जा जड जात असेल तर सुरुवातीला ५-४-५-४ चालेल. पण ही कुबडी महिनाभराहून जास्त बाळगू नका.

जोर पहिल्या मात्रेवर नाही, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायचा, आणि तोही किंचित. आपल्याकडे समेवर वजन देण्याची सवय इतकी अंगात भिनलेली असते की अंगठा आपोआप ‘एक’वर आदळतो. त्यामुळे ठेका कवायतीसारखा होतो. मेट्रोनोम ३० वर आणून त्याचा ठोका फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला धरा. वेग तोच राहतो, पण जोर जागेवर येतो.

पुढच्या पायरीवर जायचं की नाही हे ठरवण्याची एक कसोटी आहे. सी, एफ, जी सेव्हन, सी असा फेरा चालू ठेवून तेराचा पाढा मोठ्याने म्हणा. तेरा सक्कं अठ्ठ्याहत्तरपाशी अंगठा अडखळला तर तो अजून तुमच्या लक्ष देण्यावर चालतोय. पाढा चुकला तरी चालेल, अंगठा चुकता कामा नये.

सावधान : मनगटाच्या मधोमध किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर थांबा. एका बैठकीत फक्त अंगठ्याचा रियाज दहा मिनिटं पुरे. अशा दोन-तीन बैठका करा.

४. बोटं आणा : चिमूट आणि ‘अन्’

तिसरी तार तर्जनीची, दुसरी मधल्या बोटाची, पहिली अनामिकेची. चालीचा सूर अंगठ्याच्या संदर्भात दोनच ठिकाणी पडू शकतो.

चिमूट : अंगठा आणि बोट एकाच क्षणी, मात्रेवर.
अन् : बोट एकटंच, दोन मात्रांच्या मधे. मोजताना ‘एक अन् दोन अन् तीन अन् चार अन्’ असं मोजा.

सी धरा. अंगठा ५-४-६-४ चालू. आधी फक्त पहिल्या मात्रेला पहिल्या तारेची चिमूट, दहा वेळा. मग फक्त ‘दोन अन्’ला दुसरी तार, दहा वेळा. मग दोन्ही. ‘अन्’ अगदी मधोमध न वाजवता कणभर उशिरा सोडा, म्हणजे झुलता ठेका येतो. उशीर जास्त झाला की लंगडतो.

नेहमीची चूक म्हणजे चिमटीत बोट आणि अंगठा सारख्याच जोराने वाजवणं. बोटाचा सूर वर यायला हवा आणि अंगठ्याचा खाली. खात्री करायची असेल तर फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐका. तिथून चाल ऐकू आली नाही तर अंगठा दांडगाई करतोय.

५. चार बारचा धडा

आता एक छोटी चाल. कंसातला पहिला आकडा तारेचा, दुसरा फ्रेटचा. शून्य म्हणजे मोकळी तार. अंगठा प्रत्येक बारमध्ये वर दिल्याप्रमाणे चारही मात्रांवर चालूच आहे.

बार १, सी : ‘एक’ला चिमूट (१-०), ‘दोन अन्’ला (२-३) करंगळीने, ‘चार’ला चिमूट (२-१).
बार २, एफ : ‘एक’ला चिमूट (१-१); ‘दोन अन्’ला (२-१); ‘तीन अन्’ला (१-१).
बार ३, जी सेव्हन : ‘एक’ला चिमूट (२-३) करंगळीने, ‘दोन अन्’ला (२-०), ‘चार’ला चिमूट (२-३).
बार ४, सी : ‘एक’ला चिमूट (२-१), बाकी फक्त अंगठा.

खरी अडचण पहिल्या बारमध्येच आहे. ‘दोन अन्’ला करंगळी दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर बसते, आणि लगेच ‘तीन’ला अनामिकेला पाचव्या तारेवरून सहाव्या तारेवर जायचं असतं. ही दोन बोटं शेजारची. अनामिका उचलली की करंगळीही उठते, आणि चालीचा सूर अर्ध्यात तुटतो. तो ‘चार’पर्यंत वाजत राहिला पाहिजे. यावर उपाय असा : उजवा हात पूर्ण बंद ठेवा. करंगळी (२-३) वर दाबून ठेवून अनामिका पाचव्यावरून सहाव्यावर आणि परत, अशी वीस वेळा फिरवा. तर्जनी (२-१) वरून मुळीच उचलायची नाही. म्हणजे ‘चार’च्या आधी करंगळी उचलली की खालचा सूर तयारच असतो, वेगळं शोधावं लागत नाही.

दुसरा बार एफमुळे अवघड वाटतो, पण चालीचे सगळे सूर तर्जनीच्या आडव्या दाबाखालीच आहेत, त्यामुळे कॉर्ड एकदा बसली की डावा हात हलत नाही.

६० वर सलग पाच वेळा न चुकता आलं की वेग चारने वाढवा. ९२ ते १०० ठोक्यांच्या पट्ट्यात थांबा. त्यापुढे तीच चाल घाईची वाटू लागते.

तपासा : चाल वाजवताना मधेच बोटं थांबवा आणि अंगठा चालू ठेवा. अंगठाही थांबला तर पायरी तीनवर परत. हे परत जाणं प्रत्येकाला दोन-तीनदा करावंच लागतं.

६. स्वतःची चाल बसवणं

इथे मराठी वाजवणाऱ्यांचं काम सोपं आहे, कारण आपल्याकडे चाल सरगममध्ये लिहिलेली सापडते. अंगठ्याने बेसच्या तीन तारा अडवल्या असल्याने चाल पातळ तीन तारांत मावली पाहिजे. म्हणून पट्टी ठरवण्याआधी चालीचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर पाहा.

मंद्र पंचम ते मध्य धैवत एवढ्यात फिरणारी चाल : सीमध्ये घ्या. मंद्र प (३-०), ध (३-२), नी (२-०), सा (२-१), रे (२-३), ग (१-०), म (१-१), प (१-३), ध (१-५).
मध्य सा ते तार सा अशी पूर्ण सप्तकाची चाल : जीमध्ये घ्या. सा (३-०), रे (३-२), ग (२-०), म (२-१), प (२-३), ध (१-०), नी (१-२), तार सा (१-३).
कोमल ग, ध, नी असतील तर ए मायनर पाहा. तिथे सा (३-२) वर येतो.

पट्टी गायकाच्या सोयीने हवी असेल तर बोटांची ठेवण बदलू नका, कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबणारा चिमटा) लावा. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावल्याने आवाजही जरा गोड होतो. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे बसवा, आणि लावल्यावर पुन्हा सूर जुळवा.

नंतरचा क्रम मोडू नका : (क) कॉर्ड ठरवा आणि संपूर्ण चाल तोंडाने गुणगुणत फक्त अंगठा वाजवा. (ख) प्रत्येक बारमधला एकच महत्त्वाचा स्वर निवडा आणि तेवढाच चिमटीत घाला. (ग) उरलेले स्वर एकेक करून भरा. मुरक्या, हरकती सोडून द्या. गळ्यातून सुंदर वाटणारी हरकत इथे अंगठ्याचा पाय ओढते. मींड हवीच असेल तर त्या तारेवर बोट घसरवा, तेही फक्त एका ठिकाणी.

सावधान : दादऱ्यातली चाल या चार मात्रांच्या अंगठ्यात बसत नाही. ओढूनताणून बसवू नका. तिथे ‘एक’ला बेसची तार आणि ‘दोन’, ‘तीन’ला वरच्या तीन तारा एकत्र, असं वाजवा. सीमध्ये पुढच्या ‘एक’ला पाचव्याऐवजी सहावी तार घ्या. केरव्याची चाल मात्र बहुधा बिनतक्रार बसते.

७. कंट्रीचा रंग, चिमूटभर

इथवर आलेलं वादन स्वच्छ असतं, पण अजून कंट्री वाटत नाही. तो वास तीन गोष्टींतून येतो.

आपटता सूर : ई धरून तिसरी तार मोकळी वाजवा आणि लगेच तर्जनी पहिल्या फ्रेटवर आपटा. जीमध्ये पाचव्या तारेवर पहिल्या फ्रेटवरून दुसऱ्यावर. कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर जाण्याची ही टिचकी म्हणजे या संगीताची बोलीच आहे. आपटणं मात्रेच्या आत झालं पाहिजे, तिच्यासाठी मात्रा लांबवायची नाही.

जोडसूर : तिसरी आणि पहिली तार एकत्र, मधली गप्प. सी पट्टीत वर चढताना फ्रेट असे (आधी तिसरी तार, मग पहिली) : ०-०, २-१, ४-३, ५-५, ७-७, ९-८, १०-१०, १२-१२. चालीच्या दोन ओळींमधली मोकळी जागा भरायला यातले दोन-तीन पुरतात. मधली तार वाजली तर डाव्या हाताचं एखादं बोट तिला हलकं टेकवा.

स्टील गिटारसारखी ओढ : (२-८) आणि (१-८) दाबून ठेवा आणि तिसरी तार सातव्या फ्रेटवरून ओढून नवव्याच्या सुरापर्यंत न्या. हे इलेक्ट्रिक गिटारवरच करा. ०.०१२ च्या अकूस्टिक सेटमध्ये तिसरी तार गुंडाळलेली असते, ती एवढी ओढली जात नाही, बोट मात्र सोलवटतं. अकूस्टिकवर ओढण्याऐवजी सातव्यावरून नवव्यावर घसरा.

आठ बारमध्ये यातली एक गोष्ट, फार तर दोन. प्रत्येक बारमध्ये घातली की पाटी लावल्यासारखं वाटतं.

८. आवाज आणि ध्वनिमुद्रण

अकूस्टिकवर साउंडहोलच्या ब्रिजकडच्या कडेपाशी वाजवा. ब्रिजच्या फार जवळ गेलं की पत्र्यासारखा आवाज येतो. इलेक्ट्रिक असेल तर गळ्याजवळचा पिकअप किंवा दोन्ही एकत्र, अँप पूर्ण स्वच्छ, ट्रेबल निम्म्याहून थोडं कमी. इको लावायचा तर १०० ते १४० मिलिसेकंदांचा, एकच पडसाद, आणि तोही इतका हलका की बंद केल्यावरच त्याची आठवण यावी. रिव्हर्ब भरपूर टाकून चुका झाकण्याचा मोह होतो. त्यात तळव्याने आवरलेला बेस चिखल होतो, आणि तोच तर या वादनाचा कणा आहे.

माइक साउंडहोलसमोर ठेवू नका, तिथे बेस घुमतो. बाराव्या फ्रेटसमोर, २० ते ३० सेंटिमीटरवर ठेवा. पंखा बंद करा. फोनवरच मुद्रण करत असाल तरी हीच जागा. फोन टेबलावर नको, उशीवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर पायाच्या तालाचे धक्के त्यात उमटतात.

मुद्रण दोनदा ऐका. पहिल्यांदा फक्त अंगठा. दर चार बारनंतर तो पुढे धावतोय का पाहा, बहुधा जोडसुरांच्या आधी धावतो. दुसऱ्यांदा फक्त चाल, आणि तिच्याबरोबर गुणगुणा. जिथे तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला पण गिटारने जागा दिली नाही, तिथला एक सूर काढून टाका.